सुमे, आधी वेळ ठरव

पुणे, रविवार

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं, रिपोर्टचा फोटोही बघितला. साखरेच्या तपासणीत एचबीए१सी ६.१ वाचलं आणि डोळ्यांसमोर आधी तुझी आई आली. तिचं इन्शुलिन, तिचे पाय, सगळं आपण दोघींनी जवळून बघितलंय. पण ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची वेस आहे. अजून तू गावात शिरलेली नाहीस, इथून मागे फिरता येतं. म्हणून हे पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

तू लिहिलंयस, “दर वेळी जोरात सुरुवात करते आणि पंधरा दिवसांत सगळं बारगळतं. मला मोटिव्हेशनच टिकत नाही गं.” अगं, उत्साह कुणाचाच टिकत नाही. रोज पर्वती चढणाऱ्यांचाही नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचंच सांगते. पंच्याहत्तरी उलटली आहे, सकाळी पावणेसहाला गेटपाशी उभ्या असतात. पर्वतीच्या पायथ्याशी आलो की पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करतात आणि शंभरावर पायऱ्या एका लयीत चढतात, मध्ये बोलणं नाही. उतरताना मात्र गुडघ्यांसाठी कडेने, एकेक पायरी तिरकी उतरतात. खाली आल्या की रुमालाला एक गाठ. दोन गाठी झाल्या की घरी. परवा पाऊस भुरभुरत होता, दगड निसरडे झालेले. मी विचारलं, “काकू, तुम्हाला कधी कंटाळा येत नाही?” म्हणाल्या, “येतो की. पण तू खाली येऊन उभी राहतेस ना.” आणि सुमे, मी तरी कशामुळे उठते? त्या उभ्या असतील म्हणूनच.

मला वाटतं सगळी किल्ली इथे आहे. आज करावंसं वाटतंय का, हा प्रश्नच सकाळी पडू द्यायचा नाही. माझी आजी औंधची, तुला आठवत असेल. औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते. आजीला ती सवय तिथेच लागली. म्हातारपणीही अंघोळ झाली की नमस्कार, नमस्कार झाले की चहा. पुढे वाकणं जमेना तेव्हा भिंतीला हात टेकून जमतील तेवढे घालायची. आज मूड आहे का, असं तिने स्वतःला कधी विचारलेलं मी पाहिलं नाही. अंघोळीच्या मागोमाग ते येणारच होतं.

लंडनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. २००९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९६ जणांना एकेक नवी गोष्ट रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायला सांगितली, नाश्त्यानंतर, जेवणानंतर, अशी. ती आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. आणि मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. तुझ्या फ्रिजवरचा तो २१ दिवसांचा तक्ता काढून टाक बघू. तो आकडा १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या लिखाणातून पसरला. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा तुझ्या चालण्याशी काय संबंध? एकवीस दिवस भरायच्या आत कंटाळा आला म्हणून तू स्वतःला नापास करून बसलीस, याचं मला फार वाईट वाटलं.

दहा हजार पावलांचंही तसंच. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून तो आकडा जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी, एवढंच सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चाल. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेव.

आता खरं अवघड. तू स्वतःला आळशी म्हणतेस ते मला मुळीच पटत नाही. पहाटे पाण्याची वेळ, दोन डबे, सासूबाईंची औषधं, मग ऑफिस. यात आळस कुठे आहे? तुझा वेळ घरात सगळ्यांचा आहे, फक्त तुझा नाही, म्हणून दर वेळी पहिला बळी चालण्याचा जातो. लेकीची परीक्षा आली, चालणं बंद. पाहुणे आले, चालणं बंद. त्यामुळे सकाळीच चालायला हवं हा हट्ट आधी सोड. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललीस तरी तुझ्यासाठी सोन्यासारखं आहे. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतर चढणारी साखर तेवढी कमी चढते. उरलेली पंधरा मिनिटं संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर. पर्स ठेवायची, बूट चढवायचे आणि निघायचं, सोफ्यावर टेकायचं नाही. एकदा टेकलं की उठवत नाही, हे प्रत्येक घरातलं सत्य आहे. आणि श्रीकांतरावांना स्पष्ट सांग, सव्वासात ते साडेसात मी घरात नाही, कुकर तुम्ही लावायचा. विनंतीच्या सुरात सांगू नकोस. दुधाची पिशवी कधी येते हे जसं घरात सगळ्यांना माहीत असतं, तसा तुझा हा पाव तासही माहीत असू दे.

वजनाच्या काट्यावर महिनाभर उभी राहू नकोस. चालण्याने वजन फार हळू हलतं, आणि काटा हलला नाही की तुझं मन खचतं, हे मी दोनदा पाहिलंय. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतं, तेव्हा पुढची तपासणी तीन महिन्यांनीच कर. तोवर झोप कशी लागते, जिना चढताना दम किती लागतो, एवढंच बघ. तुझ्या आवडीचं ते कथाकथन फक्त चालताना ऐकायचं, घरी नाही. गोष्ट अर्धी राहिली की पाय आपोआप बुटात जातात, माझा अनुभव आहे.

पावसाच्या दिवसांत गोल्फ क्लबचा ट्रॅक चिखलाचा झाला तर हॉलमध्ये सहा सूर्यनमस्कार घाल. सावकाश, श्वास न कोंडता. सहा जमले नाहीत तर दोन. अगदीच अंगात बळ नसेल त्या दिवशी बूट घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन ये, पण वेळ मोडू नकोस.

आणि तुला गेटपाशी काकू नाहीत, हे मला कळतं. म्हणून उद्यापासून सव्वासातला मी तुला फोन लावणार. तू नाशिकला चाल, मी इथे आमच्या गल्लीत चालते. पंधरा मिनिटं सगळ्या जगाच्या गप्पा मारू. मला तसंही तुझ्याशी रोज बोलायचं असतं, दोघींच्या संसारात राहूनच जातं. फोन उचलताना पायात बूट हवेत, एवढी एकच अट. गुरुवारी माझं भजनी मंडळ असतं, त्या दिवशी तू तुझ्या शेजारच्या वैशालीला घेऊन जा. तिला आजच विचार आणि काय म्हणाली ते उद्या मला सांग.

डॉक्टरांना गुडघ्याचंही विचारून ठेव. सासूबाईंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझीच,
मंगल