स्वयंपाकघराची फरशी: चकाकीला भुलू नका

संपादक महोदय,

दिवाळीआधी इंदुरात घरोघरी फरशा बदलायची कामे निघतात आणि दुकानात गिऱ्हाईक हमखास चकचकीत टाइल्सपाशी थांबते. स्वयंपाकघरात तेल-पाणी सांडणारच, तेव्हा घसरू नये म्हणून मॅट, म्हणजे बिनचकाकीची, व्हिट्रिफाइडच (भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल) घ्यावी. ती ०.५ टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही. संगमरवर नकोच, लिंबू, चिंच, ताक सांडले की पॉलिश जाते. कोटाही चुनखडीचाच दगड, पण स्वस्त, आणि डाग पडला तर घासून पुन्हा पॉलिश करता येतो.

टाइल खराब निघण्यापेक्षा ती बसवण्यातच जास्त चुका होतात. गवंडी मधोमध मसाल्याचा गोळा ठेवून टाइल दाबतो, कोपरे पोकळ राहतात आणि कुकर पडला की तिथेच तडकते. दातेरी थापीने पूर्ण पाठीला अॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा मसाला) लावून घ्या. सांधा २-३ मिमी, त्यात इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा राळेचा मसाला). साधे सिमेंट हळदीने पिवळे पडते. जुन्या फरशीवरच नवी बसवली तर पातळी १२-१५ मिमी वाढते, दार तासावे लागते. तळमजल्यावर मात्र आधी भराव नीट ठोकून घ्या, माळव्याची काळी माती फुगते-आकसते. ८० चौरस फुटांना २ बाय २ च्या २० टाइल्स लागतात. २२ घ्या, पुढे तीच छटा मिळत नाही.

– एक वाचक, इंदूर