चित्रावरून वेशभूषा : सभासदांसाठी स्मरणसूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता पणजी येथील आपल्या सभागृहात होणाऱ्या मेळाव्यास प्रत्येकाने आवडत्या चित्रावरून बेतलेला वेश करून यावे आणि त्या चित्राची छोटी प्रत सोबत आणावी.

हुबेहूब नक्कल अपेक्षित नाही. चित्रातला प्रकाश कापडात उतरणे महत्त्वाचे. सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगचित्रातील स्त्री एका हाताने दिवा धरते, दुसऱ्याने ज्योत झाकते आणि उजेड तिच्या बोटांतून लालसर पाझरतो. हे चित्र निवडल्यास साडी शांत, एकरंगी ठेवून नारिंगी छटा फक्त चोळीत आणावी; जरीच्या लखलखाटात तो उजेडच हरवेल.

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या आपल्या गोमंतकीय चित्रकाराने आपल्या चित्रांत येशूची आई मेरी हिला साडी नेसवली, हेही अवश्य आठवावे. कुणबी साडी नेसणाऱ्यांनी खांद्यावरची गाठ घट्ट मारावी, कारण शेतात वाकून काम करताना पदर आवरण्याची ती सोय आहे.

नवीन खरेदी टाळून घरातली जुनी पेटी उघडावी. पेटता दिवा मात्र कृपया आणू नये.