गोळीआधी ब्लॉक तपासा

महोदय,

स्तनाच्या कर्करोगावरच्या ‘नव्या गोळी’ची बातमी आपल्या आरोग्य पुरवणीत आली आणि तिचं कात्रण घेऊन लोक आमच्या लॅबच्या काउंटरवर यायला लागले. मी हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या विभागात, टेक्निशियन आहे. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवला की त्याला ब्लॉक म्हणतात; असे ब्लॉक कापणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहिते.

पेशीला ‘मरू नकोस, वाढत राहा’ असं सांगणारी पीआय३के-एकेटी ही प्रथिनांची साखळी बातमीत छान समजावली होती. ही साखळी इन्सुलिनसारख्या निरोपाने चालू होते आणि पीटेन हे प्रथिन तिला आवरतं. पीआयके३सीए जनुकात बिघाड झाला की निरोप नसतानाही ती चालूच राहते. पण हा बिघाड सगळ्यांच्या गाठीत नसतो! हार्मोनवर वाढणाऱ्या, हर-२ निगेटिव्ह (म्हणजे हर-२ हे प्रथिन जास्त नसलेल्या) कर्करोगात तो साधारण ४० टक्के जणींत सापडतो. अमेरिकेत २०१९ साली मंजूर झालेली अल्पेलिसिब ही गोळी अशांसाठीच आहे, तीही आजार पुढे गेलेला असताना, फुलवेस्ट्रंट या हार्मोन अडवणाऱ्या इंजेक्शनसोबत. तिथेच २०२३ मध्ये मंजूर झालेली कॅपिवासर्टिब ही गोळी याच साखळीतल्या एकेटी प्रथिनाला अडवते. तिच्यासाठीही आधी गाठीत पीआयके३सीए, एकेटी१ किंवा पीटेनमधला बदल दिसावा लागतो. बातमीत यावर अर्धी ओळ होती.

तपासणीचीही एक गोष्ट आहे. ब्लॉकमधून काही मायक्रॉन जाडीचे काप काढून ते कोमट पाण्यावर पसरवायचे, मग काचेवर उचलायचे. कधी ब्लॉक हातात घ्यावा तर आधीच्या तपासण्यांतच गाठ संपलेली, समोर नुसतं मेण. हाडातला तुकडा तीव्र आम्लात मऊ केलेला असेल तर डीएनए बहुधा वाया गेलेला असतो. ईडीटीए या सौम्य रसायनाने हाड मऊ करायला दिवस जास्त लागतात, पण डीएनए टिकतो. जनुकतपासणी करायची आहे एवढं फॉर्मवर आधी लिहिलेलं असलं तरी पुष्कळ होतं. (लिहिलेलं क्वचितच असतं.) रक्तातूनही हा बदल शोधता येतो, पण रक्तात दिसला नाही तर गाठ तपासावीच लागते.

शिवाय साखर. इन्सुलिनचा निरोप याच साखळीतून जात असल्याने अल्पेलिसिबने रक्तातली साखर वाढते, काहींची फारच. मधुमेह असलेल्या बाईंना हे पहिल्या गोळीआधी कळायला हवं. ‘केमोसारखा त्रास नाही’ एवढंच छापून कसं चालेल?

पुढच्या वेळी बातमीसोबत एक चौकट द्यावी: औषध कोणत्या प्रकारच्या कर्करोगासाठी, आधी कोणती तपासणी, आणि आपला ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये आहे याची चौकशी रुग्णाने कशी करायची.

आपली,
एक लॅब टेक्निशियन