सायकलीचा षड्ज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा आराखडा मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझी कल्पना नुसती ‘छान आहे’ म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नव्हती. पुढच्या चाकाचे छत्तीस स्पोक, बारा स्वरांची तीन सप्तके म्हणजे बरोबर छत्तीस सूर, आणि चालवता चालवता एका बारीक काडीने ते छेडायचे, हे चित्र डोळ्यांसमोर आले आणि मी त्याच संध्याकाळी एक चाक टांगून त्याचा एकेक स्पोक छेडत बसलो. वाद्य बनलेली सायकल मलाही किती वर्षे झोपू देत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच या आराखड्यात जे जमणार नाही ते आधी स्पष्ट लिहितो आणि मग जे जमेल असे मला मनापासून वाटते त्याकडे वळतो.

स्पोक ही ताणलेली तार आहे, यात तुझे काहीच चुकलेले नाही. दोन मिलिमीटर जाडीचा, २९० मिलिमीटर मोकळ्या लांबीचा पोलादी स्पोक सुमारे १०० किलो ताणावर सेकंदाला ३४५ च्या आसपास कंपने देतो, आणि हा सूर गळ्यालाही सहज सापडतो. चाकाचा आउट काढणारे कसबी कारागीर स्पोक टिचकीने वाजवून ताण ओळखतात, ते याच जोरावर. अडचण पुढे आहे. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो, त्यामुळे षड्जावरून शुद्ध ऋषभावर जायला ताण सव्वापटीहून थोडा जास्त करावा लागतो आणि तार षड्जावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा वर, जायला चक्क चौपट. १०० किलोंचे ४०० किलो होण्याआधीच स्पोक तुटेल किंवा त्याला आवळणारे निपल रिममधून उपटून येईल. तुझ्या तीन सप्तकांत सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या स्पोकच्या ताणात सुमारे ५७ पटींचा फरक पडतो, आणि प्रत्येक स्पोक रिमला आपल्याकडे ओढत असल्यामुळे असे चाक गोल राहूच शकत नाही.

ताण सारखा ठेवून जाडी बदलली, तर मात्र एक सुंदर गोष्ट हाती लागते. सारख्या लांबीच्या आणि सारख्या ताणाच्या तारेचा सूर जाडीच्या उलट प्रमाणात असतो. दोन मिलिमीटरचा स्पोक षड्ज धरला, तर १.८ मिलिमीटरचा स्पोक त्याच्या १०/९ पट सूर देतो, म्हणजे थेट त्रिश्रुती ऋषभ, शुद्ध ऋषभाहून किंचित उतरलेला. आणि मधल्या भागात दीड मिलिमीटरपर्यंत बारीक केलेला स्पोक ४/३ च्या जवळ, म्हणजे मध्यमाशी जाऊन पोहोचतो. या तीन जाड्या स्पोक बनवणाऱ्यांनी वजन आणि मजबुती पाहून ठरवल्या आणि त्यांतून सा, रे, म निघाले, याचा आनंद मला अजून ओसरलेला नाही. असे चाक मी बांधले आहे. त्यात स्पोक एकमेकांना न ओलांडता हबपासून सरळ रिमकडे जायला हवेत, कारण जिथे दोन स्पोक एकमेकांना टेकतात तिथे त्यांची आस, म्हणजे छेडल्यावर रेंगाळणारा नाद, मरते. सरळ स्पोकांचे चाक पायडलचा पीळ सोसत नाही, म्हणून ते फक्त पुढे, आणि तेही रिमला ब्रेक असलेल्या सायकलीलाच लावावे.

पण हे चाकदेखील उभ्या सायकलीचे वाद्य आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला साधारण दोन फेरे घेते. छत्तीस स्पोकांवर काडी टेकवली की सेकंदाला ७२ टिचक्या बसतात, आणि कानाला स्पोकांचे सूर ऐकू न येता ७२ कंपनांची एक सलग घरघर ऐकू येते. लहानपणी आपण स्पोकांत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून मोटारसायकलचा आवाज काढत होतो, तो हाच. तू छत्तीस स्पोक कितीही मन लावून सुरात लावलेस, तरी फिरते चाक त्यांची फक्त संख्या बोलून दाखवणार, आणि वेग वाढला की ती घरघर चढणार, कमी झाला की उतरणार.

या पत्रात मला खरे सांगायचे आहे ते इथे आहे. सायकलीचे वाद्य करताना सूर वेगाच्या ताब्यात देऊ नकोस. वेगाला लय दे, जोर दे, हवे तर नादाचा पोत दे, पण सूर हातात ठेव. रस्ता चढाचा आला म्हणून ज्याचा षड्ज खाली घसरतो, त्या वाद्यासोबत कुणाला गाता येणार नाही.

या नियमाला मी एकच अपवाद करतो, आणि तोही मोहापोटी. रॉबर्ट हुक यांनी १६८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दातेरी पितळी चाके फिरवून त्यांतून सूर काढून दाखवले होते, आणि दात्यांच्या संख्यांच्या प्रमाणातून सुरांचे अंतर ठरते, हे त्यातून कानांना कळले. आपल्याकडे दातेरी चाकांना तोटा नाही. १२, १५, १८ आणि २४ दात्यांची चार चक्रे एका कण्यावर बसवली आणि प्रत्येकावर पातळ पट्टी टेकवली, की सा, ग, प आणि तार सा एकत्र उमटतात. टायरला घासणारा ७५ मिलिमीटर व्यासाचा रूळ त्या कण्याला लावला, तर ताशी १५ किलोमीटरला षड्ज २१२ कंपनांच्या आसपास येतो. वेग बदलला की चारही सूर मिळून सरकतात, पण त्यांचे आपसातले नाते तसूभरही हलत नाही. उतारावर तो स्वरसमूह चढत जाताना ऐकणे हा अपूर्व अनुभव आहे. तरीही तो मुख्य आवाज करू नये; एका खटक्याने जोडता आणि तोडता येईल असा बाजूला ठेवावा.

आपल्या आधी ज्यांनी सायकल वाजवली, त्यांनी हा प्रश्न टाळूनच वाट काढली असे मला वाटते. फ्रँक झॅपा यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात गजाने आणि काठ्यांनी सायकल वाजवून दाखवली, पण ती जागेवर उभी होती. माउरिसिओ कागेल यांनी १९९६ मध्ये १११ सायकलस्वारांसाठी रचना केली, त्यात सायकली खरोखर रस्त्यावरून जातात. मात्र आवाज येतो तो घंट्यांचा आणि स्वारांच्या स्वतःच्या शिट्ट्यांचा. चालतीही आहे आणि एका माणसाला तिच्यावर पूर्ण राग मांडता येतो, अशी सायकल मला हवी आहे आणि तुलाही तीच हवी आहे, हे तुझ्या आराखड्यातून दिसते.

माझी पहिली चूक तुला ठाऊक नाही, ती इथे सांगतो, म्हणजे तू ती करणार नाहीस. फ्रेमची वरची नळी पोकळ आहे, म्हणजे ती बासरीच आहे, असे मानून मी तिला भोके पाडली. काही महिने ती गोड वाजली. मग एके दिवशी सर्वांत खालचा सूर फुटेना. सगळी भोके नीट झाकूनही हवा कुठून तरी निसटत होती, आणि पाहतो तर तिसऱ्या भोकापासून केसाएवढी चीर नळीभोवती निघाली होती. पोलाद झिजण्याआधी असेच थकते, आणि भोकाची कड ही त्याची सर्वांत नाजूक जागा असते. त्या सुराने मला सावध केले नसते, तर ती नळी भर रस्त्यात मोडली असती. तेव्हापासून भार घेणाऱ्या भागाला मी कानस लावत नाही आणि ड्रिलही लावत नाही.

आता तुझ्यासाठी काय बांधावे याबद्दल. हर्डी-गर्डी नावाचे एक जुने युरोपीय वाद्य आहे. त्यात राळ लावलेले लाकडी चाक हाताने फिरवतात, ते गजासारखे तारेला घासते आणि तार सलग गात राहते. चाक हळू फिरले किंवा जलद फिरले, तरी सूर जवळजवळ तोच राहतो. बदलतो तो फक्त आवाजाचा जोर आणि रंग. आपल्याला हवा असलेला नियम जणू या वाद्यात आधीच लिहून ठेवला आहे. हे चाक फ्रेमच्या त्रिकोणात बसवायचे आणि क्रँकच्या डाव्या बाजूने वेगळी चेन घेऊन फिरवायचे. ४४ दात्यांवरून २२ दात्यांवर चेन आणली, की पायडलच्या एका फेऱ्यात घर्षणचाकाचे दोन फेरे होतात, आणि १२० मिलिमीटर व्यासाच्या चाकाची कड मिनिटाला ६० पायडल-फेऱ्यांना सेकंदाला पाऊण मीटर वेगाने सरकते, जो गजाला शोभणारा वेग आहे. मी मुद्दाम टायरवरून गती न घेता पायडलवरून घेतो, कारण मग पाय हाच गज होतो. पाय थांबले की स्वर थांबतो, आणि उतारावर सायकल नुसती वाहू लागली की फ्रीव्हीलच्या टिकटिकीखेरीज शांतता उरते. ती शांतता गाण्यातल्या श्वासाइतकीच मोलाची आहे, हे तू वाजवू लागशील तेव्हा आपोआप कळेल.

तार बरोबर ५०० मिलिमीटर ठेवू, म्हणजे हिशेब सोपा राहतो: ४४४ वर ऋषभ, ४०० वर गंधार, ३७५ वर मध्यम, ३३३ वर पंचम, ३०० वर धैवत आणि २६७ वर निषाद. ०.४ मिलिमीटरची पोलादी तार १९६ कंपनांवर लावायला जेमतेम चार किलो ताण पुरतो. स्पोकच्या १०० किलोंशी तुलना केलीस की सायकल वाहणारी तार आणि गाणारी तार वेगळी का असावी, हे लगेच ध्यानात येईल. ही तार थेट फ्रेमला मात्र बांधायची नाही. तू बसलास, खड्डा आला, की फ्रेम किंचित वाकते आणि सूर डगमगतो. तार, तिला खालून उचलून धरणारी घोडी, खुंट्या आणि पातळ लाकडाची पेटी हे सगळे एका स्वतंत्र पट्टीवर उभे करायचे आणि ती पट्टी दोन ठिकाणी रबराच्या आधाराने त्रिकोणात टांगायची. पेटी जितकी जाड तितका नाद भरदार, पण गुडघे घासता कामा नयेत; माझा अनुभव सहा सेंटिमीटरच्या आत राहण्याचा आहे.

वाजवायचे कसे, हा तुझ्या आराखड्यातला मोकळा राहिलेला प्रश्न. दोन्ही हात हँडलवर आणि बोटे ब्रेकवर राहिली पाहिजेत, या बाबतीत मी तडजोड करणार नाही. मोकळे उरतात ते दोन अंगठे. प्रत्येक अंगठ्याखाली तीन कळा, आणि प्रत्येक कळेपासून ब्रेकच्या तारेसारखी आवरणातली तार निघून पेटीतल्या एका लाकडी पाचरीला ओढते, ती पाचर मुख्य तारेला नेमक्या जागी दाबते. कळा सहा, सातवी मोकळी तार, म्हणजे सात स्वर पुरे. पाचरी किंचित सरकवता येतील अशा ठेवू, म्हणजे राग पाहून गंधार किंवा निषाद कोमल करता येईल. शेजारी षड्जाची आणि पंचमाची अशा दोन तारा त्याच चाकावर अखंड गात राहतील. चेनचे वंगण घर्षणचाकावर उडाले तर तार मुकी होते, म्हणून दोहोंच्या मध्ये पत्र्याचा आडोसा हवाच.

तालाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. पायडलच्या एका फेऱ्यात डावा आणि उजवा असे दोन दाब येतात. प्रत्येक दाबाला एक मात्रा धरली, तर आठ फेऱ्यांत सोळा मात्रा, म्हणजे त्रितालाचे एक आवर्तन. ११ दात्यांवरून ४४, आणि पुढे १४ वरून २८, अशा दोन टप्प्यांत गती आठपट कमी केली की खिळे लावलेला एक रूळ आवर्तनाला बरोबर एकदा फिरतो आणि त्याचे खिळे छोट्या हातोड्या उचलून ठेका वाजवतात. दुसऱ्या टप्प्यात १४ ऐवजी १६ दाते घेतले, की तोच रूळ सात फेऱ्यांना एकदा फिरतो आणि त्यावर सात मात्रांच्या रूपकाची दोन आवर्तने बसतात. मग सम एकदा उजव्या पायावर येते आणि पुढच्या वेळी डाव्या पायावर. ते पायांना जाणवते तेव्हा इतका हर्ष होतो की मी अर्धा तास उगाच चालवत राहिलो होतो. पायडल मागे फिरले तर ठेका उलटा वाजेल, म्हणून मधल्या कण्यावर एक फ्रीव्हील घालायचे विसरून चालणार नाही.

हे सगळे धरून वजन वाढेल, सायकल चढाला जड लागेल, आणि पावसात ती बाहेर काढता येणार नाही, कारण ओली राळ तारेला धरत नाही. तुला हे मान्य असेल असे मी समजतो. तुझे सा-रे-म चाकही पुढे लावूच. थांबलेल्या जागी दोन मऊ काड्यांनी ते वाजवता येईल, आणि पेटीचा षड्ज त्या चाकाच्या षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली लावला, तर दोघे एकमेकांना ओळखतील.

काम सुरू करायला मला तुझ्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. तुझ्या फ्रेमच्या त्रिकोणाच्या आतल्या तिन्ही बाजूंची मापे मिलिमीटरमध्ये पाठव. सायकलीवर बसून पायडल फिरवताना दोन्ही गुडघ्यांमध्ये सर्वांत कमी किती अंतर राहते, ते कुणाकडून तरी मोजून घे. आणि सकाळी, गळा तापवण्याआधी नव्हे, तर तापल्यावर, तू कोणत्या सुरात न ताणता गातोस ते कळव. तुझ्या षड्जाशिवाय मी घोडीची जागा ठरवू शकत नाही.

तुझा मित्र