मनू, पार्टीवर कॉमिक काढायलीस तर हे आधी वाच

मनू माय,

तू म्हणालीस अण्णा मला आपल्या बेंजो पार्टीचे, म्हणजे वरातीत मिरवणुकीत वाजवणाऱ्या आपल्या ताफ्याचे माइलस्टोन लिहून पाठवा, तारखेसकट, मला त्याच्यावर वेबकॉमिक काढायचंय. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. फोनवर बोलताना अर्धं राहून जातं म्हणून टाईप करायलोय, लांब होईल, सवडीनं वाच.

पहिली तारीख पक्की आहे, १४ एप्रिल १९९१. बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं झाली ती जयंती. औशाच्या मिरवणुकीत आपली पार्टी पहिल्यांदा वाजली. बेंजो भाड्याचा, भोंगे दुसऱ्याचे, हलग्या तेवढ्या घरच्या. मी अठरा वर्षांचा होतो. त्याच्या आधी आपल्या घरात नुसती हलगी, तारेच्या वाद्याला कुणी हात लावलेला नव्हता. आणि हे तुला माहीत नसेल, आपला बेंजो मूळ जपानचा आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं तारांवर टाईपरायटरसारखी बटणं बसवून तो बनवला, तिकडं त्याला ताइशोगोतो म्हणतात. तिथून फिरत फिरत तो आपल्याकडं आला, आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावून करंट दिला आणि डायरेक्ट वरातीत उतरवला. तू रात्रंदिवस जपानी कोरियन चित्रं बघतीस आणि आपलं घर जपानी तारांवर चाललं, मला हे लई भारी वाटतं. एका भागात हे टाकच.

दुसरी तारीख तू लहानपणापासून ऐकलीस. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. आम्ही लातूरला विसर्जन वाजवलं, उशीर झाला म्हणून मंडळाच्या मांडवातच आडवे झालो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, तो सगळा पट्टा गेला. पार्टीतले दोघं त्या भागातले होते, घरी लेकरं वाट बघायलीत म्हणून रात्रीच गाडी धरून गेले होते. त्यांची नावं मी तुला समोर बसून सांगीन. हा भाग काढायचाच असेल तर एवढंच ऐक, पडलेली घरं काढू नको. मिरवणूक काढ, गुलाल काढ, टेम्पोच्या फाळक्यावर बसून ताशा सोडवणारे ते दोघं काढ, आणि मग खाली नुसतं काळं ठेव, लांबच्या लांब, वाचणाऱ्याला बोट सरकवत राहावं लागलं पाहिजे.

मला हे कुठून सुचलं तर तुझ्यामुळंच. २०२० चा लॉकडाऊन आठव. २५ मार्चला सगळं बंद, आणि आपली लगीनसराई एप्रिल-मे. घेतलेला इसार परत करत बसलो होतो मी. पुढं लग्नाला पन्नास माणसं चालतील म्हटले, पण पन्नास माणसांत बेंजो कोण बोलवतो. तू पुण्याहून आलेली, दिवसभर माळवदावर फोन घेऊन बसायचीस. एक दिवस मी विचारलं काय बघायलीस एवढं, तर तू मला ते कोरियाचं उभं कॉमिक दाखवलंस, वरून खाली सरकवत जायचं. कोरियात २००३-०४ च्या आसपास हे सुरू झालं असं तूच सांगितलंस. इंग्रजी मला जमेल तेवढंच, अडलं की तुला विचारायचं. पण चित्रं कळायची, आणि त्याच्यापेक्षा जास्त कळायच्या त्या मधल्या रिकाम्या जागा.

कागदावर दोन चौकटींच्या मधी एवढीशीच जागा असते, कारण कागदाला पैसे पडतात. फोनवर जागा फुकट, पाहिजे तेवढी सोडा. आणि बोट जितका वेळ सरकतं तितका वेळ गोष्टीत निघून जातो. आता हे तर माझंच काम आहे की गं. भर वरातीत हलगी कडाडत असते, आपण एकदम हात वर करून सगळं बंद करायचं. पोरं हात हवेत धरून तशीच थांबतात. किती वेळ थांबवायचं हे बेंजोवाल्यानं ठरवायचं, जरा जास्त झालं तर नाच मोडतो, कमी झालं तर मजा येत नाही. आणि मग एकटा ताशा सुटतो. त्या थांबण्यातच सगळी वरात असते. तुझ्या कोरियावाल्यांना हे बरोबर कळलेलं आहे. तवापासून मला नाद लागला तो लागलाच. माझी एक मालिका दर गुरुवारी येते, टेम्पोत बसलो की आधी ती उघडतो, निलंग्याच्या रस्त्याला कुठं रेंज जाते आणि कुठं येते हे मला आता पाठ आहे. ताशावाला पोरगा पण वाचायला लागलाय, माझ्या खांद्यावरून.

बाकीचे माइलस्टोन पटापट सांगतो. स्वतःचा बेंजो १९९५. कीबोर्ड आणि करंटवर ताल वाजवायचं पॅड २००४, तू पहिलीच्या आत होतीस, पॅडवर बसून रडली होतीस. स्वतःचा टेम्पो २०११. आणि मधी २०१६, तो कोरडा टप्पा पण लिहून ठेव. त्या साली १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, जलदूत, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ज्या गावात प्यायला पाणी नाही तिथं लग्नं पुढं ढकलली, नाहीतर देवळात चार माणसांत उरकली. पार्टीतली चार पोरं त्या साली पुण्याला बांधकामावर गेली ती तिकडचीच झाली. पार्टी कशानं मोडते हे लोकांना वाटतं डीजेनं. डीजेनं सुपाऱ्या खाल्ल्या हे खरं आहे, पण पाऊस गेला की आधी बाप पोरीच्या लग्नातला बेंजो कापतो, जेवण कापत नाही. तसंच बरोबर आहे ते.

आता माझ्या मनातलं. नुसत्या तारखांवर कॉमिक काढू नको माय. तारखा लिहायला वही आहे. पार्टी म्हणजे रोजचं काम, ते तुझ्याशिवाय कुणी काढणार नाही, कारण वाजवणाऱ्याकडं कुणी बघतच नाही, सगळे कॅमेरे नवरदेवाकडं. टेम्पो भरायचा क्रम काढ, आधी जनरेटर, मग भोंगे, मग ताशे, हलग्या सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वर, कातडं दबलं की आवाज गेला. गावात पोचल्या पोचल्या आधी जाळ करायचा, तुराट्या नाहीतर पाचट जे मिळंल ते, आणि हलगी शेकायची. जास्त शेकली तर फाटते, कमी शेकली तर भद्द वाजते, तुझे आजोबा गालाला लावून बघायचे, बोटानं नाही. श्रावणातल्या हवेत तर तासाला शेकावी लागते. मग नवरदेव मारुतीच्या देवळाला निघतो, दोन फर्लांगाचा रस्ता आणि दोन तास वाजवायचं, मे महिन्याच्या उन्हात. डाव्या हाताची बोटं बटणावर, उजव्या हातात नखी. फर्माईश करणारा नाव सांगत नाही, नुसतं गुणगुणतो, तेवढ्यावर सूर धरायचा. अक्षता पडल्या की एकदम जोरात, तेवढाच वेळ सगळा मांडव आपल्याकडं बघतो. मग पंगती, आपली पंगत शेवटची, वरण संपलेलं असलं तरी एखादी म्हातारी असतेच जी म्हणते वाजवणारी लेकरं उपाशी आहेत अजून, आणि कुठून तरी आणून वाढते. असल्या म्हाताऱ्या मी किती तरी गावात बघितल्या. त्यांच्यासाठी एक अख्खा भाग ठेव.

आणि उरलेले पैसे मागायला जायचं असतं. उद्या या, परवा या. तो भाग छोटा केलास तरी चालेल, पण सोडू नको.

आवाज कसा लिहायचा म्हणून तू अडलीस ना, ढमढम तडतड लिहू का म्हणून. माझं मत विचारशील तर आवाज लिहूच नको. आवाज जिथं जिथं लागतो ते काढ. घोडीचे कान मागं गेलेले. फळीवरची स्टीलची भांडी थरथरायलीत. माळवदावर उभ्या बायका, एकीच्या कडेवरचं लेकरू झोपेतून उठून खांदे उडवायलंय. वाचणाऱ्याच्या कानात हलगी आपोआप वाजंल.

आणि पात्रं आपल्यासारखी बोलू दे. पहिल्या भागात तू ताशावाल्याच्या तोंडी जे घातलंस ते पुण्याच्या मास्तरासारखं वाटतं. आपला पोरगा "येतोय मी" म्हणत नाही, "यायलोय की" म्हणतो, तेच लिही. उदगीरचा, परभणीचा, नांदेडचा माणूस वाचून लगेच ओळखंल आपलं कोण आहे म्हणून.

वाचणारे कमी आहेत म्हणून तू नाराज आहेस हे तुझ्या आवाजावरून कळलं. तूच मला ते काडीकाडीच्या माणसांचं एक्सकेसीडी नावाचं वेबकॉमिक दाखवलं होतंस, काढणारा नासामध्ये रोबोटचं काम करायचा म्हणे. २००५ पासून चालू आहे, सोमवार बुधवार शुक्रवार. त्यातलं विज्ञान मला समजत नाही, पण ठरलेल्या वारी हजर राहणं लई समजतं. आम्ही पण लग्नाला किती माणूस आलंय ते मोजून वाजवत नाही, इसार घेतलाय म्हणजे वाजवायचं. तू आठवड्याचा एक वार धर आणि त्या दिवशी टाकच, रविवार धर, रविवारी माणसाला सवड असते. मी पार्टीतल्या सगळ्यांच्या फोनमध्ये लावून दिलंय, ते वाट बघतात. तुझी आई तर आधीचा भाग शेजारणीला वाचून दाखवायली होती.

जुने फोटो आईनं पेटीतून काढून ठेवलेत, उद्या एकेक करून पाठवतो, १९९१ च्या मिरवणुकीचा एकच आहे, त्यात डावीकडून तिसरे आजोबा. बेंजोचे फोटो सगळ्या बाजूनं काढून पाठवतो म्हणजे बटणं बरोबर येतील. रंगाला, कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या त्या पेनच्या पाटीला पैसे लागले तर सांगायचं, तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्या आत्ताच लागायल्यात, अडचण नाही. जेवत जा वेळेवर.

आणि हो, मागच्या चित्रात ताशा तू खांद्याला अडकवलास. ताशा गळ्यात असतो, पट्टा मानेवरून, आणि काड्या बारीक असतात, जाड नाही. तेवढं पुढच्या भागात नीट कर.

तुझे अण्णा