नोरग्येलिंगसाठी दोन पगार हवे आहेत

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली, बांध्यांतला धान कापून झाला की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचे मंडप उभे राहतात. वडशाच्या कंपन्यांच्या गाड्या रात्रभर या गावाहून त्या गावाला धावत असतात. त्याच दिवसांत गोठणगावजवळची नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत मात्र शांत होत जाते. घरातली कर्ती माणसं लुधियान्याचा माल घेऊन स्वेटर विकायला शहरांत जातात आणि थंडी ओसरल्यावरच परततात. नागपूर, पुणे किंवा मुंबईत तिबेटी बाजारातून तुम्ही कधी स्वेटर घेतला असेल. विकणाऱ्या बाईंना गाव विचारलं असतं, तर कदाचित त्यांनी ‘अर्जुनी मोरगाव’ असंच सांगितलं असतं.

महाराष्ट्रात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे हे अजूनही कितीतरी मराठी माणसांना ठाऊक नसतं. १९७२ साली ती इथे वसली, तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये झाला. म्हणून तिबेटी कागदपत्रांत आजही हिची ओळख ‘भंडारा’ अशीच सापडते. इटियाडोह धरणाचा, जंगलाचा, उन्हाळ्यात अंग भाजून काढणारा हा मुलूख. इथे आलेली माणसं बर्फाच्या प्रदेशातली होती. १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो लोक हिमालय ओलांडून आले. आसामात मिसामारी आणि बंगालात बक्सा इथे छावण्या उभ्या राहिल्या. अनेकांनी पुढे डोंगरात रस्ते बांधायच्या कामावर खडी फोडली. १९६० पासून कर्नाटकात बैलकुप्पे, मग छत्तीसगडात मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी अशा शेतीच्या वसाहती वसल्या. आपल्याकडची नोरग्येलिंग त्याच मालिकेतली.

आमची समिती लहान आहे. निवृत्त शिक्षक, एक वकील, दोन डॉक्टर, वसाहतीतले काही ज्येष्ठ आणि आसपासच्या गावांतली तरुण मुलं, एवढीच माणसं. गेली काही वर्षं आम्ही सवडीने काम करत आलो: सुट्टीतले वर्ग, आरोग्य तपासणी, कागदपत्रांसाठी धावपळ. या सवडीच्या कामाची मर्यादा आता आम्हाला कळली आहे, आणि तिच्यापायीच दोन पूर्णवेळ माणसं पगारावर नेमण्यासाठी हे आवाहन लिहायला बसलो आहोत.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी आमच्याकडे आली. साकोलीकडची, समाजकार्याची पदवी घेतलेली. तिने वसाहतीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. पहिले सहा महिने तिच्याशी कुणी मोकळेपणाने बोललं नाही. ती रोज जात राहिली, लोणी-मिठाचा चहा प्यायला शिकली, वयस्कर बाईला ‘आमा-ला’ आणि गुरुजींना ‘गेन-ला’ म्हणू लागली. मग एके दिवशी पूर्व तिबेटातल्या खामकडच्या एका आजींनी तिला याक राखताना म्हणायची गाणी ऐकवली. त्या आजींच्या घरच्यांनीही ती कधी ऐकली नव्हती. आम्ही त्या मुलीला देत होतो दरमहा ६,००० रुपये. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला बँकेत नोकरी लागली आणि ती गेली. तिचं काही चुकलं नाही. घरी आजारी वडील, धाकटा भाऊ शिकत होता. त्या आजी गेल्या पावसाळ्यात वारल्या. सात गाणी आमच्याकडे आहेत. बाकीची किती होती, ते विचारायला आता कुणी उरलं नाही.

‘वाहून घेणं’ या शब्दाचं आपल्याकडे मोठं कौतुक आहे. आनंदवन, हेमलकसा ही नावं घेतली तरी आपले हात जोडले जातात, आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक तरुणाकडून आपण त्या त्यागाची अपेक्षा करू लागलो, तर फक्त दोन प्रकारची माणसं या क्षेत्रात येतील: ज्यांच्या घरी भरपूर आहे ती, आणि जी लवकरच थकून जाणार आहेत ती. आम्हाला तिसरी माणसं हवी आहेत. ज्यांना हे काम आवडतं, ज्यांना लग्न करायचं आहे, हप्ते फेडायचे आहेत आणि वीस वर्षांनीही हेच काम करायचं आहे अशी.

टिकलेलं काम कसं दिसतं याचं उदाहरण तिबेटी समाजातच आहे. १७ मे १९६० रोजी जम्मूकडच्या रस्तेबांधणीच्या छावण्यांतून ५१ मुलं धरमशालेला आणली गेली. आजारी, उपाशी, काहींचे आईबाप त्याच कामावर. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांना सांभाळलं. १९६४ मध्ये त्या वारल्या आणि धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी जबाबदारी घेतली ती थेट २००६ पर्यंत. बेचाळीस वर्षं! त्या पाळणाघरातून आजची तिबेटी बालग्रामं उभी राहिली. आमची उडी तेवढी नाही. पण बेचाळीस नाही तर निदान तीन वर्षं एकच माणूस त्याच दारात उभा राहिला पाहिजे, एवढं आम्ही त्यातून शिकलो.

नेमणूक झालेल्या माणसांनी करायचं काय? सगळ्यात मोठं काम भाषेचं. छोट्या वसाहतींतली मुलं पुढच्या शिक्षणासाठी दूरच्या वसतिगृहांत जातात, तिथून मोठी शहरं, आणि बरेचजण तिथून परदेश. २००८ पर्यंत तिबेटमधून दरवर्षी दोन-तीन हजार माणसं नव्याने येत असत. त्यानंतर सीमेवरचा पहारा कडक झाला आणि हा ओघ जवळजवळ आटला. म्हणजे तिबेटमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडची भाषा ऐकायची, तर आहेत ती म्हातारी माणसंच. १९५९ मध्ये पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे.

मी स्वतः साठीनंतर त्यांची लिपी शिकायला बसलो. पहिल्या ओळीत क, ख, ग, ङ ऐकलं आणि अंगावर काटा आला. सातव्या शतकात थोन्मी संभोट यांनी भारतातल्या लिप्यांवरून ही लिपी घडवली, असं तिबेटी परंपरा सांगते. तीस व्यंजनं, चार स्वरचिन्हं. त्यांच्या धर्मग्रंथाला ‘पेचा’ म्हणतात. लांबट सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. आपल्या आजीच्या देवघरातली पोथी जशी असे, तशीच. नालंदेच्या काळातले कितीतरी बौद्ध ग्रंथ मूळ संस्कृतात हरवले आणि तिबेटी भाषांतरातच वाचले. दीक्षाभूमीच्या विदर्भाला, जिथे १९५६ पासून लाखो घरांत बुद्धवंदना होते, त्याला तरी या पोथ्या परक्या वाटू नयेत. सातूचं पीठ आपल्याला ठाऊक आहे, त्यांचा त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठच. शेजाऱ्यांत इतकं सारखं असूनही गोठणगावच्या बाजारात आपण फक्त भावापुरतं बोलतो, याची मला खंत आहे.

दुसरं काम कागदांचं. तिबेटी निर्वासिताला नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, ठरावीक मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. परदेशी जायचं तर पिवळ्या मुखपृष्ठाचं ओळखपुस्तक लागतं. केंद्र सरकारने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. रोजगार हमी, रेशन अशा योजना वसाहतींपर्यंत पोचवाव्यात असं त्यात राज्यांना सुचवलं आहे. शिवाय २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत हे मान्य केलं. नागरिकत्व घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. त्यात स्वदेशी परतण्याच्या आशेचाही प्रश्न गुंतलेला असतो. पण माहिती समोर असावी, अर्ज नीट भरला जावा, तहसीलला सोबत कुणी जावं. हे काम रविवारी होत नाही, कारण रविवारी कचेरी बंद असते.

तिसरं आरोग्याचं. निर्वासित तिबेटी समाजात क्षयरोगाचं प्रमाण फार मोठं राहिलं आहे, विशेषतः वसतिगृहांत आणि मठांत. धरमशालेच्या डेलेक रुग्णालयाने घरोघर आणि शाळाशाळांत जाऊन तपासण्या केल्या, त्याचा उपयोग झाला. हंगामावरून खोकत परतलेल्या माणसाला वेळेवर तपासायला नेणं आणि औषधाचा पूर्ण कोर्स संपेपर्यंत मागे लागणं, एवढं तरी आम्हाला करायचं आहे.

यासाठी दोन पूर्णवेळ माणसं नेमायची ठरली आहेत. एक वसाहतीतला तिबेटी तरुण किंवा तरुणी, दुसरी व्यक्ती जवळच्या गावातली, मराठी बोलणारी. दोघांना सारखा पगार: दरमहा २२,००० रुपये. तीन वर्षांचे होतात १५,८४,००० रुपये. आरोग्यविमा आणि त्यांच्या नावावर साठवायची रक्कम २,३६,००० रुपये. प्रवास, ध्वनिमुद्रक, साठवणीच्या डिस्क, जुन्या पोथ्यांची छायाचित्रं घेण्याचं साहित्य १,८०,००० रुपये. एकूण २०,००,००० रुपये. सभासदांनी ६,४०,००० रुपये जमवले आहेत, त्यात वसाहतीतल्या स्वेटर विक्रेत्यांनी आपणहून दिलेले पैसेही आहेत. उरलेले १३,६०,००० रुपये तुमच्याकडून हवे आहेत.

एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ५०० रुपये, तीन वर्षं, असं वचन आम्हाला अधिक मोलाचं वाटेल. पगार दर महिन्याला द्यायचा असतो. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि दर सहा महिन्यांनी हिशेब देणगीदारांना पाठवला जाईल. परदेशी पैसा घेण्याची परवानगी समितीकडे नाही, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींनी कृपया रक्कम पाठवू नये. त्यांनी वेळ द्यावा: ध्वनिमुद्रणं ऐकून नोंदी करणं, छायाचित्रं लावणं हे घरबसल्या करता येतं. जुने स्वेटर, कपडे, वह्या पाठवू नयेत. ही कष्टाने कमावून खाणारी माणसं आहेत.

काम करू इच्छिणाऱ्यांनी पदवीची चिंता करू नये. मराठी किंवा तिबेटी यांपैकी एक भाषा घट्ट हवी आणि दुसरी शिकायची तयारी हवी. अर्जासोबत आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाने सांगितलेली एखादी हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून पाठवावी, दोन पानं पुरेत.

नेमणुका दिवाळीपूर्वी करायच्या आहेत. स्वेटरच्या हंगामात वसाहतीत म्हातारी माणसं मागे राहतात, दुपारभर उन्हात माळ ओढत बसलेली असतात, आणि त्या महिन्यांत त्यांना बोलायला वेळ असतो.