नवी एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सगळे पार्ट स्वतः निवडून, स्वतः जोडून उभा केलेला कॉम्प्युटर सुरू झाला हे वाचून फार आनंद झाला. पण शेवटच्या चार ओळींनी जीव टांगणीला लागला. जुनी हार्ड डिस्क नव्या मशीनमध्ये दिसत नाही, आणि बाबांचे सगळे फोटो तिच्यावरच आहेत. म्हणून आधी एक कळकळीची विनंती. डिस्क मध्येच दिसू लागली आणि विंडोजने ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करायचं का असं विचारलं, तर सरळ ‘कॅन्सल’ दाब. डिस्क दिसत नाही याचा अर्थ फोटो गेले असा होत नाही. बहुतेक वेळा ते जागच्या जागी असतात, आणि घाईत दाबलेल्या एका ‘ओके’ने हाताबाहेर जातात.

आता सांग, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ती दिसते का? मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा आणि स्टोरेजचं किंवा साटाचं (हार्ड डिस्क मदरबोर्डला ज्या पोर्टने जोडतात त्याचं) पान उघड. बूटची यादी पाहून ठरवू नकोस. नुसत्या डेटाची डिस्क त्या यादीत नसणं अगदी स्वाभाविक आहे. साटाच्या पानावर प्रत्येक पोर्टचा नंबर आणि त्याच्यापुढे डिस्कचं नाव असतं. तिथेच नाव नसेल, तर विंडोजमध्ये ड्रायव्हर शोधत बसण्यात काही अर्थ नाही. तिथे नाव असेल आणि फक्त ‘धिस पीसी’मध्ये दिसत नसेल, तर विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट उघड. कधीकधी डिस्कला नुसतं ड्राइव्ह लेटर (डी, ई असं अक्षर) मिळालेलं नसतं, ते दिलं की काम झालं. मात्र तिथे ‘रॉ’ किंवा ‘अनअलोकेटेड’ असं लिहिलेलं दिसलं, तर पुढे काहीही न करता मला कळव.

माझा पहिला संशय मात्र वेगळाच आहे. तू लिहिलंयस की विंडोज नव्या एम.२ एसएसडीवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये थेट बसणाऱ्या चपट्या डिस्कवर, टाकलं आहे. बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ स्लॉट आणि काही साटा पोर्ट यांची चिपसेटपर्यंतची, म्हणजे मदरबोर्डवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपपर्यंतची, वाट सामाईक असते. स्लॉटमध्ये एसएसडी बसली, की त्यातलं एखाददुसरं साटा पोर्ट गुपचूप बंद होतं. पोर्ट दिसायला धडधाकट, केबलही नीट बसलेली, आणि बोर्ड एका शब्दाने सांगत नाही. काही बोर्डांवर तर एसएसडी साटा प्रकारची असेल तरच पोर्ट बंद होतं, एनव्हीएमई (साटाहून वेगळ्या, जास्त वेगवान प्रकारची) असेल तर नाही. हे सगळं मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांतल्या टिपेत दिलेलं असतं. ती टीप शोध, हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लाव आणि पुन्हा बायोस बघ.

कॅबिनेट उघडण्याआधी मशीन बंद कर, मागचा पॉवर सप्लायचा स्विच बंद कर, वायर काढ आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धर, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावूनच पुढचं काम कर.

पोर्ट बदलूनही उपयोग झाला नाही, तर केबलकडे वळ. डिस्कला दोन केबल जातात. अरुंद ती डेटाची, ७ पिनांची. रुंद ती पॉवरची, १५ पिनांची. डेटा केबल अर्धवट बसणं ही नेहमीची तक्रार. ‘खट’ असा आवाज करून अडकणारी क्लिपवाली केबल असेल तर तीच वापर. डिस्क मदरबोर्डच्या मागच्या बाजूला असेल, तर साइड पॅनल लावल्यावर पॉवरची केबल दाबली जाऊन सैल होते, तेही बघ. मग मशीन चालू करून डिस्कच्या कडेला हलकेच बोटं टेकव. साडेतीन इंची डिस्क फिरू लागली की बारीक थरथर जाणवते. थरथर असेल तर पॉवर पोचतेय, मग डेटा केबल बदलून बघ. काहीच जाणवलं नाही तर पॉवरचा दुसरा कनेक्टर लाव. आणि एका लयीत ‘टक्, टक्’ ऐकू येऊ लागलं तर ताबडतोब बंद कर. तो हेडचा, म्हणजे डेटा वाचणाऱ्या भागाचा, बिघाड असू शकतो, आणि तशी डिस्क चालवत राहिलं तर प्लॅटरवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या तबकड्यांवर, ओरखडे पडू शकतात. मग ती डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच द्यायची.

एक गोष्ट तुझ्या पत्रातून कळली नाही आणि तीच मला सतावतेय. तुझा पॉवर सप्लाय मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, आहे ना? मग जुन्या सप्लायची केबल तर वापरली नाहीस? डिस्कच्या टोकाला सगळ्या केबल सारख्या असतात, पण सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. केबल व्यवस्थित बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्कचं सर्किट जळू शकतं. तुझ्या सप्लायच्या खोक्यात आलेलीच केबल वापर. जुनी लावली असशील तर मशीन पुन्हा चालूच करू नकोस. सर्किट गेलं तरी प्लॅटर शाबूत असू शकतात आणि जाणकार माणूस त्यावरून डेटा काढू शकतो, पण पुन्हा पुन्हा करंट देऊ नये.

डिस्क दिसू लागली की आधी फोटो एसएसडीवर आणि आणखी एका वेगळ्या डिस्कवर कॉपी कर. तोवर चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवू नकोस, कारण दुरुस्ती करताना तो त्याच डिस्कवर लिहितो. कॉपी झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत पाहा. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘करंट पेंडिंग’ सेक्टरांचे, म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयास्पद जागांचे, आकडे वाढत असतील, तर तिच्यावर नवं काही ठेवू नकोस.

उलट टपाली मदरबोर्डचं मॉडेल, एसएसडी कुठल्या एम.२ स्लॉटमध्ये आहे आणि हार्ड डिस्क कुठल्या नंबरच्या पोर्टला आहे एवढं कळव. मी मॅन्युअल काढून बघतो. पॉवर केबलचं तर आजच फोन करून सांग.

तुझा,
जुना मित्र